कौलाची मुदत

निवडणुकीचा निकाल लागला की भिवंडीत मराठी वर्तमानपत्रांत 'जनतेचा कौल' असा मथळा हमखास येतो. इथल्याच चौकात उर्दू बोलणारा माणूस हाच शब्द वापरतो, पण दिलेल्या शब्दासाठी. 'कौल का पक्का' म्हणजे बोलल्यापासून न हटणारा. यंत्रमागांच्या या शहरात कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, तेलुगू पद्मशाली आणि उत्तरेतून आलेले अन्सारी विणकर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत. त्यामुळे हे दोन्ही अर्थ इथे एका दिवसात कानावर पडतात. मराठीत कौल म्हणजे निकाल, उर्दूत वचन. लोकांना तोच प्रश्न पुन्हा विचारला तर ते मत बदलतील का, या वादाचं उत्तर मला या दोन अर्थांच्या मधल्या इतिहासात सापडतं.

अरबीत 'कौल' म्हणजे बोलणं, उच्चारलेला शब्द. कव्वालीचं नावही त्याच मुळाचं. फारसी कारभाराबरोबर हा शब्द दख्खनमध्ये आला आणि आपल्याकडे थेट शेतीच्या कागदांत जाऊन बसला. दुष्काळाने किंवा लष्कराच्या येण्याजाण्याने गाव उजाड झालं, रयत परागंदा झाली, की सरकार देशमुख-पाटलांच्या मार्फत कौलनामा देई. परत या, पड जमीन लागवडीस आणा. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, पुढे वर्षागणिक चढता, आणि ठरलेली वर्षं भरली की पुरा धारा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवायची असली तर शेटे-महाजनांना काही वर्षं जकात माफ केल्याचा कौल मिळे. लढाईच्या भीतीने पळालेल्यांना अभयकौल मिळे. 24 ऑक्टोबर 1657 रोजी शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. असा मुलूख एका सत्तेकडून दुसरीकडे जातो तेव्हा रयत गाव सोडते की राहते, यावर पुढची सगळी वसुली अवलंबून असते. कौल हा रयतेला धरून ठेवण्याचा उपाय होता.

या कागदातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, कौल सरकार देई आणि रयत घेई. दुसरी, कौलाला मुदत असे. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, शेवटचं वर्ष, सगळं आधी लिहिलेलं. मुदत सरली की नव्या अटींवर बोलणं व्हायचं, आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नसे.

कोकणात आणि गोव्यात हाच शब्द देवळात शिरला. गाऱ्हाणं घालून झालं की गुरव देवाच्या अंगावर पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे उजव्या-डाव्या बाजूला लावतो. घरातलं लग्न, जमिनीचा वाद, गावची जत्रा, जो काही प्रश्न असेल तो आधी मोठ्याने सांगायचा. कोणत्या बाजूची पाकळी पडली तर काय समजायचं, तेही आधीच ठरवायचं. मग सगळे थांबतात. सहसा उजवी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. पाकळी सुटलीच नाही किंवा दोन्ही एकदम पडल्या तर पुन्हा लावतात. पण डावा कौल स्वच्छ आला तर तोच प्रश्न तसाच लगेच पुन्हा घालणं सहसा कुणाला रुचत नाही. मग प्रश्न बदलतो. यंदा नाही तर पुढच्या साली करावं का? या जागी नाही तर त्या जागी? देवाने मत बदलावं असा हट्ट नसतो, आपण अट बदलून विचारतो. देवळातली ही रीत मला आपल्या अनेक राज्यशास्त्रीय चर्चांपेक्षा शहाणी वाटते.

पुढे लोकशाही आली आणि कौलाची दिशा फिरली. जी रयत कौल घेत होती ती तो देऊ लागली. मराठी माणसाच्या संदर्भात हे सगळ्यात ठसठशीतपणे घडलं ते 16 जानेवारी 1967 रोजी, गोव्याच्या जनमत कौलात.

स्वतंत्र भारतातला हा एकमेव जनमत कौल असं अनेकदा लिहिलं जातं, ते बरोबर नाही. जुनागढमध्ये फेब्रुवारी 1948 मध्ये आणि चंद्रनगरमध्ये जून 1949 मध्ये लोकांना विचारलं गेलं होतं. पुढे 1975 मध्ये सिक्कीममध्येही विचारलं गेलं. पण या तिन्ही ठिकाणचे आकडे इतके एकतर्फी होते की पुन्हा विचारलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्नच उद्‌भवत नाही. जुनागढमध्ये पाकिस्तानच्या बाजूने अवघी 91 मतं पडली होती. गोव्यात मात्र खरी लढत झाली.

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. डिसेंबर 1963 च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरण हवं म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणवाद्यांचं म्हणणं सरळ होतं: लोकांनी कौल दिलाय, आता विलीन करा. युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक द सिक्वेरा आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणाले, सरकार निवडणं वेगळं आणि आपलं वेगळेपण कायमचं मिटवणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळं मत घ्या. संसदेने डिसेंबर 1966 मध्ये त्यासाठी खास कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला.

मतपत्रिकेवर माणसांची नावं नव्हती, पक्ष नव्हते. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं, एवढ्याच दोन खुणा. प्रचारात भाषेबरोबर पोटाचे प्रश्नही होते. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, मग गोव्यातल्या माडीच्या आणि काजूच्या धंद्याचं काय? नोकऱ्यांत रत्नागिरी-कोल्हापूरच्या उमेदवारांपुढे गोव्याचा मुलगा टिकेल का? विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात धारदार लेखन झालं ते मराठीत. 'राष्ट्रमत' हे मडगावचं मराठी दैनिक होतं आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर घरोघरी वाचलं जाई. मराठी वाचणारा, मराठीत भजन म्हणणारा माणूस महाराष्ट्रात यायला नको म्हणू शकतो, हे आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना तेव्हा समजलं नाही. मला वाटतं, आजही पुरतं समजलेलं नाही.

निकाल असा लागला: दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. म्हणजे जवळपास 17 हजार लोक दुसऱ्या बाजूला गेले असते तर गोवा आज महाराष्ट्राचा जिल्हा असता. पुन्हा विचारा म्हणायला इतका कमी फरक पुरेसा होता.

पुन्हा मतदान झालंही, अडीच महिन्यांच्या आत. मात्र ते विधानसभेचं होतं. मार्चच्या अखेरीस झालेल्या या निवडणुकीत विलीनीकरण हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष 16 जागा घेऊन पुन्हा निवडून आला. युनायटेड गोवन्सला 12 मिळाल्या. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. 1972 मध्ये त्यांच्या पक्षाच्या जागा वाढून 18 झाल्या.

तेच मतदार, तीच मतदान केंद्रं, आणि अडीच महिन्यांत उलट निकाल. यावरून गोवेकरांचं मत डळमळीत होतं असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. कुळांच्या हक्कासाठी, शाळांसाठी, बहुजनांच्या मानासाठी लढणारं सरकार त्यांना हवं होतं, आणि ते सरकार पणजीत हवं होतं, मुंबईत नको होतं. गोवा विलीन झाला असता तर बांदोडकर हे मोठ्या विधानसभेतल्या थोड्या आमदारांचे पुढारी उरले असते. फुलाला नकार आणि बांदोडकरांना होकार ही एकाच विचाराची दोन उत्तरं होती. प्रश्न वेगळा होता म्हणून उत्तर वेगळं आलं. 1963 ची निवडणूक म्हणजेच विलीनीकरणाचा कौल, असं मानून चालणाऱ्यांची गल्लत इथेच झाली होती.

परदेशात खरोखरच तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारलेला आहे, आणि त्याचे आकडे बोलके आहेत. आयर्लंडने जून 2001 मध्ये युरोपीय संघाचा नीसचा करार नाकारला. ऑक्टोबर 2002 मध्ये पुन्हा मत घेतलं तेव्हा तो जवळपास 63 टक्क्यांनी मान्य झाला. लोकांनी मत बदललं, असंच कुणीही म्हणेल. पण नकाराची मतं पहिल्या वेळी 5,29,478 होती आणि दुसऱ्या वेळी 5,34,887. नको म्हणणारे जवळजवळ तेवढेच राहिले. होकार मात्र साडेचार लाखांवरून नऊ लाखांवर गेला, कारण पहिल्या वेळी निम्म्याहून जास्त लोक मतदानाला आलेच नव्हते. शिवाय मधल्या काळात आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेबद्दल लेखी खुलासा मिळाला होता. डेन्मार्कने 1992 मध्ये मास्ट्रिक्टचा करार निसटत्या मतांनी नाकारला आणि 1993 मध्ये काही सवलती पदरात पाडून घेऊन स्वीकारला. अट बदलली, मग उत्तर बदललं. कॅनडातल्या क्वेबेकने मात्र 1980 आणि 1995 असं दोनदा वेगळं होण्यास नकार दिला, दुसऱ्यांदा जेमतेम 54 हजार मतांच्या फरकाने. पंधरा वर्षांत मतदारांची एक नवी पिढी आली होती. म्हणून 'लोक मत बदलतील का' या प्रश्नाआधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: प्रश्न तोच आहे का, अटी त्याच आहेत का, आणि उत्तर देणारी माणसं तीच आहेत का. तिन्ही तशाच असतील तर माणसं आपल्या शब्दाला बऱ्यापैकी घट्ट असतात.

भिवंडीकरांनी हे नुकतंच अनुभवलं. 20 मे 2024 रोजी भिवंडी लोकसभा मतदारसंघाने दोन वेळा निवडून आलेल्या कपिल पाटील यांना हरवून सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांना 66 हजारांहून जास्त मताधिक्याने दिल्लीला पाठवलं. बरोबर सहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं आणि या लोकसभा क्षेत्रातल्या सहापैकी पाच जागा पाटील यांच्याच महायुतीने जिंकल्या. भिवंडी पूर्व तेवढी समाजवादी पक्षाकडे राहिली. वाहिन्यांवर 'मतदारांनी सहा महिन्यांत पलटी मारली' असं बोललं गेलं. पण लोकसभेला अपक्ष नीलेश सांबरे यांनी दोन लाखांवर मतं घेतली होती. विधानसभेला त्या त्या जागी वेगळे उमेदवार होते, मतविभागणीची गणितं वेगळी होती. मधल्या काळात सरकारी योजनांचे पैसे बायकांच्या खात्यात जमा झाले होते. दिल्लीचा प्रश्न आणि आपल्या गल्लीचा प्रश्न यांना मतदाराने वेगवेगळी उत्तरं दिली.

या शहरातला कौल खऱ्या अर्थाने मोडला तो दुसरीकडे. मे 2017 च्या महापालिका निवडणुकीत भिवंडीने 90 पैकी 47 जागा काँग्रेसला दिल्या, म्हणजे स्वच्छ बहुमत. डिसेंबर 2019 मध्ये महापौर झाल्या त्या मात्र चार नगरसेवक असलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या, कारण काँग्रेसचे 18 नगरसेवक त्यांच्या बाजूने गेले. मतदारांना कुणी पुन्हा विचारलं नव्हतं. त्यांचं मत बदललं होतं याचा कोणताही पुरावा नव्हता. मत बदललं ते ज्यांनी कौल घेतला होता त्यांनी. उर्दूतला अर्थ लावला तर शब्द दिलेल्याने नव्हे, घेतलेल्याने मोडला.

नंतर जून 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक वेळेवर झालीच नाही. तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. मतदारांना एकच प्रश्न वारंवार विचारून त्रास देऊ नये, अशी चिंता जगभर लिहिली जाते. भिवंडीत नेमकं उलट झालं: मुदत सरूनही कुणी विचारायला आलं नाही. कौलनाम्यात मुदत सरल्यावर सरकारला रयतेशी नव्याने बोलावं लागे, कारण रयतेला गाव सोडून जाता येत होतं. यंत्रमाग, गोदाम आणि घराचं कर्ज गळ्यात असलेला भिवंडीकर कुठे जाणार? त्याला मालमत्ता कराचं बिल येत राहिलं. रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार घेऊन जायला त्याच्या प्रभागात त्या काळात निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.