पंखाचा कोन: बेलोऱ्याचे विद्यार्थी आणि लिफ्टच्या कल्पनेचा इतिहास

आमचा विषय तत्त्वज्ञान. विमानाशी आमचा संबंध प्रवाशाइतकाच. तरीही आज विमानाच्या पंखावर बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्याआधी, २०२४ मध्ये, एअर इंडियाने तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था काढण्याचं जाहीर केलं होतं. वर्षाला १८० वैमानिक, ३४ शिकाऊ विमानं, असा तो बेत. इकडे अकोल्याची शिवणीची धावपट्टी तर १९४३ सालची. म्हणजे आता वऱ्हाडातली पोरंपोरी इथल्याच आभाळात विमान शिकणार. त्यांना पहिला प्रश्न पडेल तो हा की, एवढं धूड हवेत टिकतं कसं? या प्रश्नाचं एक चुकीचं उत्तर फार पसरलेलं आहे, आणि वैमानिकाच्या बाबतीत अशी चूक जिवाशी येऊ शकते.

सुरुवात करू इंग्लंडच्या जॉर्ज केलीपासून. तोवर माणूस पक्ष्याची नक्कल करत होता. पंख फडफडवायचे, त्यातूनच वर जायचं आणि त्यातूनच पुढे. केलीने १७९९ मध्ये चांदीच्या एका चकतीवर आकृती कोरली आणि तीत बलं वेगवेगळी दाखवली. वर उचलणारं बल ते लिफ्ट, मागे ओढणारं ते ड्रॅग. पंख स्थिर ठेवा आणि पुढे ढकलण्याचं काम दुसऱ्या साधनाकडे द्या, हा त्याचा विचार. आपल्याकडे विवेक हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थच वेगळं काढणं असा. विमानाचा पाया अशा विवेकातून घातला गेला, असं आम्ही म्हणू.

पुढे जर्मनीत ओटो लिलिएंथालने ग्लायडरवरून सुमारे दोन हजार उड्डाणं केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच्या ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग संपला, ग्लायडर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. राइट बंधूंनी त्याचे तक्ते वापरले, पण हिशेबाइतकी लिफ्ट मिळेना. मग १९०१ मध्ये त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात लाकडी पेटीचा वातबोगदा केला आणि पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. लिलिएंथालबद्दल त्यांना आदर होता, तरी मोजमाप त्यांनी स्वतः केलं. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्यामागे ही पेटी होती.

आता ते चुकीचं उत्तर. ते असं की, पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचं, म्हणून ती जोरात धावते. बर्नुलीच्या १७३८ च्या नियमाप्रमाणे तिथे दाब कमी, आणि पंख वर. ऐकायला किती सुसंगत! पण वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी पोचलं पाहिजे, असा नियम आहे कुठे? मोजलं तर वरची हवा आधीच पोचते. आणि संक्रांतीचा आपला पतंग बघा. त्याला फुगीर पाठ नाही, तरी तो उडतो. कसरतीचं विमान उलटं होऊनही उडतं. नैयायिक याला अव्याप्ती म्हणतील: लक्षण सगळ्या उदाहरणांना लागूच होत नाही.

मग खरं काय? पंख हवेशी कोन करून जातो आणि तिला खाली वळवतो. हवा खाली ढकलली जाते, पंख वर, हा न्यूटन. ते होताना वरचा दाब कमी आणि खालचा जास्त असतो. इथे बर्नुलीही बरोबर आहे. एकाच घटनेची ही दोन वर्णनं. त्यांच्यात भांडण लावायचं कारण नाही.

या कोनाला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात. कोन वाढवा, लिफ्ट वाढते. पण साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, सुटते. लिफ्ट एकदम घटते. हाच स्टॉल. यात इंजिन बंद पडलेलं नसतं, बरं का! आणि स्टॉल फक्त कमी वेगात होतो असंही नाही. साठ अंश कलून, उंची न सोडता वळण घेतलं तर पंखावर दुप्पट भार येतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान तिथे ७१ नॉटलाच स्टॉल होतं. धावपट्टीकडे वळताना घाई करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आपल्या वऱ्हाडाचं एक वेगळं गणित आहे. मे महिन्यात अकोल्याला ४५ अंश, आणि गाव समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच. हवेची घनता १५ अंशांच्या समुद्रकाठापेक्षा सुमारे १३ टक्के कमी भरते. वेगमापक तोच आकडा दाखवेल, कारण तोही त्याच विरळ हवेचा दाब मोजतो; पण जमिनीवरून खरा वेग सुमारे ७ टक्के जास्त लागतो. थांबण्या-उडण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे धावपट्टी सुमारे १५ टक्के जास्त हवी. साध्या इंजिनाचा जोर अशा हवेत घटतो, तो तोटा वेगळाच. शिवणीची धावपट्टी १४०० मीटर, बेलोऱ्याची १८५० मीटर. हे आकडे पुण्यातल्या थंडीत आणि अकोल्याच्या दुपारी सारखे वाचायचे नसतात. शिकणाऱ्याने सकाळ गाठावी ती यासाठी.

शेवटचा मुद्दा. विमान खाली जाऊ लागलं की हात आपोआप दांडा मागे ओढतो. नाक वर केलं की विमान वर जाईल, असं शरीराला वाटतं. पण स्टॉलमध्ये ओढल्याने कोन आणखी वाढतो आणि विमान आणखी पडतं. उपाय उलटा आहे: दांडा पुढे, कोन कमी, हवा पुन्हा पंखाला धरते, मग सावकाश वर. फुगीर पाठीचं उत्तर पाठ केलेल्याला हे सुचणार नाही, कारण त्याच्या उत्तरात कोनाला जागाच नाही. म्हणून बेलोऱ्याला जाणाऱ्या मुलामुलींना आमचं सांगणं एवढंच: शिक्षकांना पहिल्याच दिवशी विचारा, "सर, पंखाचा कोन मला कळणार कशावरून?" उत्तर जमिनीवर समजून घ्या, आणि शिक्षक शेजारी असतानाच हाताला सवय लावा.