पेटीपासून व्होकोडरपर्यंत : गळा कोणाचा, सूर कोणाचा?

१/ धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर मंडप उभे राहतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्री जागतात. हीच झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिचे प्रमुख केंद्र होय.

२/ दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या मुशीतून ही रंगभूमी घडली. नट प्रेक्षकांसमोर स्वतःच्या गळ्याने गातो आणि वादक मंचापुढे बसून त्याला साथ देतात. ऑर्गन-तबल्याच्या जोडीला पुढे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. त्यासोबत एक जुना प्रश्नही नव्याने उभा राहिला : गळा आणि पट्ट्या यांत कोणी कोणामागे जायचे?

३/ हा वाद पेटीइतकाच जुना आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले. त्यानंतर बहरलेल्या संगीत नाटकाला पेटी आणि ऑर्गन यांनी साथ दिली. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. मुख्य आक्षेप असा : पेटीचे सूर ठरावीक जागी बांधलेले असतात, त्यामुळे दोन सुरांमधील मींड तिला साधत नाही.

४/ याच काळात अमेरिकेत, संगीताशी संबंध नसलेल्या कामातून, व्होकोडर जन्मला. बेल प्रयोगशाळेतील होमर डडली यांनी १९२८ च्या सुमारास त्यावर काम सुरू केले. दूरध्वनीच्या तारेवरून मानवी आवाज कमी जागेत कसा पाठवावा, एवढाच त्यांच्यापुढील प्रश्न होता.

५/ १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात डडली यांचे ‘व्होडर’ हे भावंड-यंत्र बोलले. प्रशिक्षित तरुणी बोटांनी कळा दाबून शब्द घडवीत आणि पायाच्या पेडलने आवाजाची उंची बदलीत. पायपेटी पाहिलेल्या माणसाला ती बैठक फारशी परकी वाटली नसती.

६/ मग युद्ध आले. ‘सिगसॅली’ या गुप्त संभाषणयंत्रणेचा गाभा व्होकोडर होता. १५ जुलै १९४३ रोजी ती वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामध्ये कार्यान्वित झाली. एका केंद्रातील यंत्रसामग्रीचे वजन ५० टनांहून अधिक होते. संभाषणाचे कुलूप म्हणून ध्वनिमुद्रिकांवर नोंदवलेला गोंगाट वापरला जाई; दोन्ही टोकांना तीच तबकडी एकाच वेळी फिरली तरच शब्द उलगडत.

७/ संगीतात व्होकोडर रुजला तो १९७० नंतर. वेंडी कार्लोस आणि रॉबर्ट मूग यांनी त्याला सिंथेसायझरशी जोडले. १९७८ चा कोर्ग व्हीसी-१० आणि १९७९ चा रोलँड व्हीपी-३३० यांत व्होकोडर आणि पट्ट्या एकाच पेटीत आल्या. २००२ च्या मायक्रोकोर्गमुळे तो अवघ्या ३७ पट्ट्यांच्या, उचलून नेता येणाऱ्या वाद्यात मावला.

८/ त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. माइकमध्ये बोललेला आवाज खर्जापासून तारापर्यंत अनेक भागांत विभागला जातो. प्रत्येक भागात क्षणोक्षणी किती जोर आहे, तेवढेच यंत्र मोजते आणि तोच चढउतार कीबोर्डच्या ध्वनीवर चढवते. शब्द तोंडातून येतात, सूर बोटांतून. पट्टी दाबली आणि बोलले नाही, तर शांतता. बोलले आणि पट्टी दाबली नाही, तरी सूर नाही.

९/ म्हणूनच कीबोर्डचा ध्वनी भरगच्च हवा. बासरीसारख्या सौम्य ध्वनीत शब्द विरून जातात; व्हायोलिनवृंदासारख्या ध्वनीत ते उमटतात. ‘स’सारख्या वर्णांसाठी वेगळा फुसकारा मिसळावा लागतो, आणि बोलणाऱ्याला प्रत्येक अक्षर ठाशीव उच्चारावे लागते.

१०/ यात नफा-तोटा दोन्ही आहेत. बेसूर माणूसही सुरात बोलू लागतो. पण गायकाची मींड, हरकत आणि कंप, म्हणजे ज्यावरून गळा ओळखला जातो ते सारे, यंत्र टाकून देते. पेटी गळ्याच्या शेजारी बसून सूर धरत होती. व्होकोडर त्याच पायऱ्या थेट गळ्यावर बसवतो. १९४० चा आक्षेप येथे अधिक धारदार होतो.

११/ झाडीपट्टीसाठी हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानामागे गावोगावी थेट प्रेक्षकांसमोर झिजवलेल्या आवाजाचे आयुष्य आहे. झाडीबोलीची खूणही उच्चारात आहे : तेथे ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. व्होकोडर बोली पुसत नाही, कारण शब्द तोंडाचेच राहतात. पण बोलणारा कोण, हे तो झाकतो.

१२/ त्यामुळे त्याची योग्य जागाही स्पष्ट होते. आकाशवाणी, यमदूत, पिशाच किंवा यंत्रमानव, म्हणजे ज्या पात्राचा आवाज माणसाचा वाटू नये, तेथे व्होकोडर शोभेल. आईच्या विलापाला मात्र उघडा गळाच हवा. पुढच्या हंगामात झाडीपट्टीचे नाटक पाहताना क्षणभर मंचावरून नजर काढून कीबोर्डवादकाकडे पाहावे. गायक एखादा सूर लांबवतो, तेव्हा ती बोटे थांबून त्याची वाट पाहतात का, हे तेथेच कळेल.