शुद्ध म्हणजे कशासाठी शुद्ध?

मंडळी, तुंगार्लीत व्याख्यान आणि विषय पाइपातल्या वायूचा, हे जरा विचित्र वाटेल. पण आपल्या पायाखालचा काळा दगड या गोष्टीत शेवटी येणार आहे. तेवढा धीर धरा.

सुरुवात मुंबईपासून करू. 1865 च्या ऑक्टोबरात तिथल्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. हा गॅस दगडी कोळशापासून काढत. कोळशाच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. त्या काळचे गॅस कारखाने तो चुना किंवा लोहाच्या ऑक्साइडमधून गाळून काढत. गाळला गेला की नाही, हे शिशाच्या क्षारात भिजवलेल्या कागदावर पाहत. कागद काळा पडला, की गॅस अशुद्ध. लंडनमध्ये 1868 च्या कायद्याने तपासणीच्या पद्धती ठरवायला पंचच नेमले. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, एवढं तेव्हाच कळलं होतं.

आता कार्बन डायऑक्साइड. धुरांड्यातून तो पकडायचा, दाबून जवळजवळ द्रवासारखा घट्ट करायचा आणि पाइपाने नेऊन जमिनीखाली साठवायचा. टेक्सासमध्ये 1972 पासून तो लांबवर पाइपाने नेतात. तिथला हेतू मात्र जुन्या क्षेत्रांतून जास्त तेल काढण्याचा. धुरांड्यातल्या वायूबरोबर पाणी, ऑक्सिजन, गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडं येतात. अगदी थोडी. नॉर्वेच्या नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पाने सुरुवातीला पाण्याची मर्यादा दहा लाखांत 30 भाग ठेवली, गंधकाच्या ऑक्साइडांची 10. पण प्रयोगांत असं दिसलं, की एकेकटी निरुपद्रवी वाटणारी ही द्रव्यं एकत्र आली की त्यांच्यातून गंधकाम्ल आणि नत्राम्ल तयार होऊ शकतं, आणि ते पोलाद खातं. अवयवांचा गुण समुदायाला चिकटवू नये, हे मी वर्गात वर्षानुवर्षं घट-पटाची उदाहरणं देऊन शिकवलं. हे उदाहरण तेव्हा मिळायला हवं होतं!

म्हणून अनेक कारखान्यांचा वायू एका नळीत येणार असेल, तर प्रत्येकाच्या दाराशी मोजावं लागतं आणि मिसळल्यावर पुन्हा मोजावं लागतं.

22 फेब्रुवारी 2020 ला अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ अशी एक नळी फुटली. नळी गंजली नव्हती. खूप पावसाने डोंगरउताराची माती सरकली होती. दरड म्हणजे काय, हे लोणावळ्यात मी सांगायला नको. हवेपेक्षा जड वायू सखल भागात साचला, गाड्यांची इंजिनं बंद पडली, 45 जण इस्पितळात गेले, दोनशेंवर लोकांना हलवावं लागलं. मदतीला धावलेल्यांना सुरुवातीला नेमकं काय फुटलंय हेच ठाऊक नव्हतं. त्या वायूतही हायड्रोजन सल्फाइड होता.

आता तो दगड. आइसलंडमध्ये 2012 मध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांत बहुतेक सगळ्याचं खनिज झालं. नंतर त्यात हायड्रोजन सल्फाइड मिसळून सोडला, तर त्याचंही खनिज झालं. मुंबईत जो गाळून काढायचा, तोच इथे दगडात मुरला. आपला दख्खनचा दगडही बसाल्टच, म्हणून त्याचाही अभ्यास चालू आहे.

समोरून प्रश्न आलाय: मग अशुद्धी मोजायची कशाला? दगडासाठी नसेलही, काका. पण दगडापर्यंत वायू पोचेल तो पोलादातूनच, आणि ते पोलाद जाईल कुणाच्या तरी शिवारातून.