जामखेड : गावाच्या हाती आलेले आरोग्य

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांना जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. वेल्लोरचे वैद्यकीय शिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्समधला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास पाठीशी असताना नगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका त्यांनी जाणूनबुजून निवडला. त्याआधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना एक गोष्ट त्यांना खुपत होती. बरा होऊन घरी गेलेला रोगी काही दिवसांनी तेच दुखणे घेऊन पुन्हा दारात उभा राही. खाटा वाढवून हे थांबणार नव्हते.

जामखेड परिसरात त्या वेळी जन्मणाऱ्या दर हजार बाळांतली सुमारे १७६ वर्षाच्या आत दगावत. शिकलेल्या परिचारिका गावोगावी पाठवून पाहिल्या, पण गावाने त्यांना आपले मानले नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एका पंगतीला जेवत आणि एकाच खोलीत झोपत. १९७० च्या दशकात सवर्ण बाईने दलित बाईशेजारी अंथरूण टाकणे ही साधी गोष्ट नव्हती. माझ्या मते औषधांच्या धड्याइतकाच मोठा धडा त्या खोलीत शिकला गेला.

गरोदरपणी कमी खाल्ले तर मूल लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते, ही समजूत घरोघरी होती. आरोग्यसेविका चुलीपाशी बसून सासूलाच समजावी, कारण ताट सुनेच्या हाती नसे. जुलाब लागलेल्या लेकराचे पाणी तोडायची रीत होती. आरोग्यसेविका साखर-मिठाचे पाणी कालवून वाटी-चमच्याने पाजून दाखवी. नाळ कापायला स्वच्छ पाते वापरी. डॉक्टर सांगून जे पटत नव्हते, ते शेजारणीने करून दाखवल्यावर पटले.

१९७२ च्या दुष्काळात कूपनलिका खोदायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्यावर आरोळे यांचा भर राहिला. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्या दारी सगळ्या गावाला घागर घेऊन जावे लागले. अस्पृश्यता बंदीचा कायदा १९५५ पासून होताच. पाणवठ्यावर तो असा पोचला. पुढे शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली, बायका गावकीत बोलू लागल्या.

आरोळे दांपत्याने लग्नाच्या वेळीच खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य वाहण्याचा संकल्प केला होता, आणि त्यामागे त्यांची ख्रिस्तश्रद्धा होती. येशूने सत्तेचे आसन मागितले नाही. त्याने शिष्यांचे पाय धुतले, आणि समाजाने बाजूला टाकलेल्यांना हाक मारून सोबत घेतले. टिकणारा बदल याच वाटेने येतो, असे मी ठामपणे मानतो. वरून आलेला हुकूम सरकारबरोबर बदलतो. टाकलेली बाई एकदा गावाची आरोग्यसेविका झाली की तिला पुन्हा खाली बसवणे गावालाही जमत नाही. शिवाय जामखेडला सेवेच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवली गेली नाही, म्हणून तर तिथली साक्ष स्वच्छ राहिली.

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये मेबलताई गेल्या, २०११ मध्ये रजनीकांतही. प्रकल्प थांबला नाही.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांची बरीच ताकद मिशनच्या जुन्या इमारती आणि त्यांचे कज्जे सांभाळण्यात जाते. पाळकांनी आणि पंचांनी एकदा जामखेडला जाऊन यावे. तिथे देशोदेशींच्या डॉक्टरांना गावच्या बायकांनी शिकवले आहे. त्यांच्याशेजारी बसावे, आणि परत आल्यावर आपल्या वस्तीतली सर्वांत दुर्लक्षित बाई कोण, ते आधी शोधावे.