चर्नी रोडचं गवत, आरेचं गवत

परवा भाच्याने विचारलं, "मामा, चर्नी रोड म्हणजे काय रे?" माझं उत्तर तयार होतं. १८२२ मध्ये इंग्रज सरकारने गुरं चारायला पट्टी बसवली, गरीब गुरंवाल्यांना ती परवडेना. मग सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये पदरचे २०,००० रुपये घालून ठाकुरद्वारजवळ समुद्राकाठची जमीन घेतली आणि चराई फुकट केली. चरणी, म्हणून चर्नी. (काहीजण हे नाव ठाण्याच्या चेंदणीवरून आलं म्हणतात. असो.)

"मग आरेतपण म्हशी चरायच्या?"

इथे मी अडकलो. लहानपण गोरेगावात गेलं, आजोबा आरेत कामाला, आणि चरणारी म्हैस एकही आठवेना!

कारण त्या चरतच नव्हत्या. १९४९ मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकाराने वसाहत उभी राहिली, शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तिकडे गेल्या. हजारोंनी म्हशी मोकळ्या सोडल्या असत्या तर टेकड्या बोडक्याच झाल्या असत्या. म्हणून गवतच गोठ्यात जायचं. तबेले धुतलेलं शेणामुताचं पाणी सखल रानात सोडायचं, तिथे पॅरागवत लावलेलं. हे गवत चिखलात, साचल्या पाण्यात खुशाल वाढतं. लावल्यावर अडीच-तीन महिन्यांनी पहिली कापणी, मग महिना-सव्वा महिन्याने पुन्हा पुन्हा. म्हशीचं शेण हिरवं होऊन म्हशीच्याच पोटात परत! सुक्या गवताच्या गाठी मात्र वाडा-पालघरकडच्या वखारींतून मुंबईच्या तबेल्यांना यायच्या.

आजोबा त्या गवताच्या रानात कामाला होते. घरी आले की आजी आधी मोरीत पाठवायची. त्या वासाची मला लाज वाटे. शाळेत मी सांगितलं, ते डेअरीच्या ऑफिसात आहेत. हे त्यांच्या कानावर गेलं. बोलले काहीच नाहीत. रविवारी मला रानात नेलं, गवताची एक कांडी माझ्या हाताने चिखलात खोचायला लावली. महिन्याने पुन्हा नेलं, तर पेरापेरातून फुटवे आलेले.

२०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडली तेव्हा आपण सगळे झाडांवर बोललो, मीही. गवतावर कोण बोलणार? ते कापायलाच लावलेलं.

येत्या रविवारी भाच्याला घेऊन जातोय. ताई, आजोबांचा विळा तुझ्याकडेच आहे ना? कळव.