एका दाताची जागा

एक दात पडला तर "एवढ्यानं काय होतंय?" म्हणून आपण गप्प बसतो. इटलीतल्या सधन एट्रुस्कन बायका मात्र सुमारे २६०० वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्टीत दात बसवून ती पट्टी शेजारच्या दातांना अडकवत. आजच्या ब्रिजची ती पणजीच! १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर मेलेल्या सैनिकांचे दात युरोपातल्या कवळ्यांत बसले. पुढं १९५२ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट धरलेलं दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले.

आज तिन्ही वाटा खुल्या आहेत. काढता-घालता येणारा दात स्वस्त, पण तो सारखा सांभाळावा लागतो. ब्रिज पक्का, पण त्यासाठी बहुधा शेजारचे दोन दात घासावे लागतात. इम्प्लांट शेजाऱ्यांना हात लावत नाही. मात्र खर्च जास्त आणि हाड धरायला काही महिने लागतात.

जागा रिकामीच ठेवली तर शेजारचे दात कलू शकतात, समोरचा दात खाली-वर सरकतो. म्हणून दवाखान्यात किंमत विचाराच, पण आधी हे विचारा: माझे शेजारचे दात धड असतील, तर ते घासायचे कशाला?