लखनौचा तिलिस्म आणि त्याचे संग्राहक

भयपटांच्या मोजक्या प्रतींच्या आवृत्त्या जमविण्याचा छंद अलीकडे बराच फैलावला आहे. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) या चित्रपटांचे नावही ज्या सभ्य घरांतून निघत नसे, त्याच घरांतील पुढची पिढी मोंडो माकाब्रो नावाच्या परदेशी प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या तबकड्या हौसेने मागविते. आमच्या वाचकांपैकी काहींस हा पोरखेळ वाटेल. परंतु लखनौस राहून असा निकाल झटपट देणे बरे नव्हे. चित्रपटाचा जन्मही झाला नव्हता त्या काळी या शहराने भयाचा आणि जादूचा केवढा तरी ऐवज छापून काढला, आणि पुढे तो जवळजवळ गमावलाही.

हा ऐवज म्हणजे अमीर हमजाची दास्तान. इतिहासातील हमजांशी या कथेचा संबंध नावापुरताच. अकबर बादशहास ती इतकी प्रिय होती की त्याने तिची सुमारे चौदाशे चित्रे काढवून घेतली. त्यांतील थोडीच आज उरली आहेत, आणि तीही देशोदेशी विखुरलेली. लखनौच्या दास्तानगोंनी मात्र फारसीतून आलेल्या या कथेचा आपल्या प्रतिभेने पार कायापालट केला. त्यांच्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मध्ये अफरासियाब हा जादूगारांचा सम्राट राज्य करतो. त्याच्या राज्याचे प्रकट आणि गुप्त असे भाग असून त्यांच्यामधून रक्ताची नदी वाहते. एखादा जादूगार मारला गेला की दिशा काळवंडतात, वादळ सुटते, आणि अंधारातून आक्रोश ऐकू येतो : मला मारले, माझे नाव अमुक होते! आमच्या साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तिन्ही रस येथे एकाच पंगतीस बसले आहेत. आणि अमर अय्यार नावाचा बिलंदर त्यांना हास्याची चटणी वाढीत फिरतो.

ही विद्या तोंडची. रात्री बैठक जमावी, दास्तानगोने सुरुवात करावी आणि पहाट होईतो कथा एखाद्या दारापाशी अडवून धरावी, हीच त्याची खरी कसोटी. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौच्या वर्णनात या कलेची आवर्जून नोंद केली आहे. कंठातील चीज कागदावर उतरविण्याचे मोल आम्हां मराठी लोकांस वेगळे सांगावयास नको. याच शहरात १९२६ साली ज्यांच्या प्रयत्नाने संगीत महाविद्यालय निघाले त्या भातखंड्यांनी उस्तादांच्या बंदिशींसाठी हेच केले. दास्तानगोंच्या बाबतीत ते काम एका मुद्रकाने केले.

मुन्शी नवलकिशोर (१८३६–१८९५) यांनी १८५८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे बंडाची धग पुरती विझली नव्हती तेव्हा, लखनौस छापखाना घातला. कुराणापासून संस्कृत ग्रंथांपर्यंत आणि गालिबपासून वैद्यकापर्यंत त्यांनी काय छापले नाही हे सांगणेच सोपे. १८८३ पासून त्यांनी मुहम्मद हुसेन ‘जाह’ या दास्तानगोकडून होशरुबा लिहवून घेण्यास आरंभ केला. चार खंड झाल्यावर जाह छापखाना सोडून गेले. उरलेले खंड अहमद हुसेन ‘कमर’ यांनी पुरे केले, आणि आपल्या पूर्वसूरीविषयी चार तिखट शब्द टाकण्याची संधीही त्यांनी दवडली नाही. तिसरे मोठे कथाकार शेख तसद्दुक हुसेन. तिघांच्या मिळून, सुमारे तीन दशकांत, हमजाच्या दास्तानीचे शेहेचाळीस खंड निघाले. एकेक खंड सरासरी नऊशे पानांचा!

एवढा डोंगर विरळ कसा झाला याची कारणे दास्तानीबाहेर शोधावी लागतात. हे छपाईकाम शिळाप्रेसवरचे. कातिबाने खास शाईने मजकूर लिहावयाचा, तो दगडावर उतरवावयाचा, आणि ठरलेल्या प्रती निघाल्या की तोच दगड घासून पुढच्या पानास घ्यावयाचा. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते याच पद्धतीने. खिळे जुळवून ठेवावेत तशी येथे काही शिल्लक राहात नाही. पुन्हा प्रती हव्या झाल्या तर पुन्हा लेखन. म्हणजे प्रत्येक आवृत्ती स्वभावतःच मर्यादित. त्यात कागद स्वस्तातला. काही दशकांत तो तांबूस पडून बोटाखाली मोडू लागतो.

तरीही आमच्या मते कागदापेक्षा लाजेने अधिक नाश केला. बंडानंतरच्या सुधारकांस असे साहित्य म्हणजे अधःपाताची खूण वाटे. नझीर अहमद यांच्या १८७० च्या दशकातील ‘तौबतुन्नसूह’ या कादंबरीत सुधारलेला बाप आपल्या मुलाचा ग्रंथसंग्रहच जाळून टाकतो, आणि ते कृत्य पुण्यकर्म म्हणून रंगविलेले आहे. शिकलेल्या घरांतून दास्ताने रद्दीत गेली, ग्रंथालयांनीही ती पुरती जपली नाहीत. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि जुन्या परंपरेचा शेवटचा मोठा दास्तानगो गेला. नवलकिशोरांचा छापखाना १९५० मध्ये वारसांत वाटला गेला. आता ना बोलणारा उरला होता, ना छापणारा.

पुढचे काम केले ते एका सरकारी नोकराने, आणि ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. शम्सुर्रहमान फारूकी (१९३५–२०२०) हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी. ते १९५८ साली नोकरीत शिरले आणि १९९४ साली निवृत्त झाले. बदलीच्या नोकरीत सामानाच्या ट्रंका मोजूनच न्याव्या लागतात. अशा नोकरीत राहून या गृहस्थांनी शेहेचाळीस खंडांचा पिच्छा पुरविला आणि वर्षांच्या खटपटीनंतर संच पुरा केला. इतकेच असते तर आम्ही त्यांस हौशी म्हटले असते. पण त्यांनी ते सारे वाचले, आणि १९९९ पासून ‘साहिरी, शाही, साहिबकिरानी’ या ग्रंथमालेतून दास्तानीचे शास्त्र मांडले. ती कादंबरी नव्हे, ऐकण्याची कला आहे. तिला कादंबरीच्या मापाने मोजू नये, हे त्यांचे मुख्य म्हणणे. पुढे त्यांचेच पुतणे महमूद फारूकी यांनी २००५ साली दिल्लीत दास्तानगोईचा प्रयोग उभा केला. तेव्हा छापील पानांतला आवाज पुन्हा श्रोत्यांपुढे आला.

म्हणून तबकड्या जमविणाऱ्या तरुणास आम्ही हसत नाही. फक्त वेष्टण न फोडता फडताळात ठेवणाऱ्याविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. न पाहिलेला भयपट आणि न वाचलेला तिलिस्म यांची राखण विटांची राखण करण्यासारखीच. उलट, वाचून झिजलेली प्रत दुसऱ्यास काही देऊ शकते. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळी ती जपून ठेवणारा एखादा वेडा असता तर?

ज्यांची नेमणूक लखनौस आहे त्यांस एवढेच सुचवितो. नक्खासच्या आठवडी बाजारात किंवा एखाद्या जुन्या हवेलीच्या रद्दीत उर्दूचे जाडजूड, पुठ्ठा सुटलेले पुस्तक दिसले तर वाचता येत नाही म्हणून पुढे जाऊ नये. जाणत्याकडून मुखपृष्ठावरचे छापखान्याचे नाव आणि साल वाचून घ्यावे. मग पानाच्या तळाशी कोपऱ्यात एक सुटा शब्द असतो, तो पुढच्या पानाच्या पहिल्या शब्दाशी ताडून पाहावा. दोन्ही जुळत गेले, तर मधले पान हरवलेले नाही.